बातमीची शिदोरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. चार माणसांत उभे राहून बोलायची मला सवय नाही. परंतु अध्यक्षबाईंनी आग्रह धरला की, वर्तमानपत्राच्या बाबतीत आपल्याला जो अनुभव आला तो तूच सांग. म्हणून उभी राहिले आहे. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

माझे माहेर मुरबाडकडचे आणि सासर शहापूरकडचे. दोन्हीकडे पावसाळ्यात पाणी धो धो कोसळते आणि एप्रिल-मे आला की बायका विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. आपल्या शहापूर तालुक्यात तानसा तलाव आहे, तो १८९२ सालचा. भातसा धरण आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत ते सर्वांत मोठे. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण आपल्याला पुस्तकात वाचावी लागत नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आपल्या पाड्यावर एक वार्ताहर आले. आम्ही सगळ्याजणी त्यांच्याभोवती जमलो आणि एकदम बोलू लागलो. एक म्हणाली, टँकर येतच नाही. दुसरी म्हणाली, आठ दिवसांनी येतो. खरे तर तो दर चौथ्या दिवशी येई आणि निम्म्या घरांना पुरे. त्यांनी विहिरीवरच्या एका आजींचा फोटो काढला आणि घाईत निघून गेले. दुसऱ्या दिवशी बातमी आली. तीत पाड्याचे नाव शेजारच्या गावाचे, आणि मथळा, टँकरचा पत्ताच नाही! लगेच उत्तर आले की टँकर जातो, त्याची नोंद आहे, बातमी खोटी आहे. झाले! आमचे खरे गाऱ्हाणेसुद्धा खोट्यात जमा झाले.

त्या आजींचे दुःख तर वेगळेच. डोक्यावरचा पदर खाली आलेला, लुगडे भिजलेले, असा त्यांचा फोटो मुंबईपर्यंत गेला. त्यांना कोणी विचारले नव्हते. “माझी अशी शोभा का केलीत?” असे त्या मला म्हणाल्या. माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण वार्ताहराला विहिरीवर घेऊन जाणारी मीच होते.

त्या रात्री मी मुलीजवळ हे सारे बोलले. ती कॉलेजात शिकते. ती म्हणाली, “आई, मोठ्या संस्था प्रेस किट तयार ठेवतात. पत्रकाराला लागणारी सगळी माहिती आणि फोटो इंटरनेटवर एका जागी ठेवायचे आणि त्याची लिंक पाठवायची.” मला वाटले, ही तर शिदोरीच! पाहुणा निघायच्या वेळी चूल पेटवायची नसते, भाकरी आधीच बांधून ठेवायची असते.

मग आम्ही पाचजणी बसलो. पहिल्याने एक वही घातली. टँकर कोणत्या तारखेला आला, किती वाजता, किती घरांना पाणी मिळाले, हे रोज लिहायचे. मग एका पानाची हकीकत लिहिली. काय, कोठे, केव्हा, कोणाला, किती आणि का, ही उत्तरे पहिल्या चार ओळींतच दिली. रडगाणे गायले नाही. मंडळ कधी निघाले, काय काम करते, हे वेगळ्या अर्ध्या पानावर लिहिले. फोन उचलतील अशा दोघींचे नंबर त्यांना विचारून दिले.

यात आम्ही चुकलोही पुष्कळ. पहिल्या वेळी वहीच्या पानाचाच फोटो पाठवला. वर्तमानपत्राच्या कचेरीत तो पुन्हा टाइप करणार कोण? म्हणून मजकूर मोबाईलवर मराठीत टाइप करावा, म्हणजे त्यांना तो उचलून घेता येतो. व्हॉट्सॲपवर फोटो नुसता पाठवला तर तो बारीक होतो आणि छपाईत धूसर येतो; तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा किंवा लिंकमध्येच ठेवावा. एकदा तर लिंक कुलूपबंदच राहिली. पत्रकाराने संध्याकाळी परवानगी मागितली, मी भाकऱ्या थापीत होते, आणि अंक छापायला गेला. तेव्हापासून ‘लिंक असलेल्या कोणालाही पाहता येईल’ अशी सोय करून ठेवतो. बदल मात्र आपल्यालाच करता यावा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे सभासदांची यादी आधार क्रमांकांसकट तेथे चढली होती. मुलीच्या लक्षात आले म्हणून त्याच दिवशी काढली. भगिनींनो, शिदोरीत भाकरी बांधावी, घराच्या किल्ल्या बांधू नयेत.

फोटोंचा नियम आम्ही त्या आजींना विचारूनच केला. ज्या बाईचा फोटो, तिला आधी तो दाखवायचा. ती ‘हो’ म्हणाली तरच ठेवायचा. खाली स्थळ, तारीख आणि फोटो काढणारीचे नाव लिहायचे. बाईचे नाव तिची इच्छा असेल तरच. आजींनी स्वतः नीट लुगडे नेसून, रांगेतल्या हंड्यांशेजारी उभे राहून नवा फोटो काढू दिला. म्हणाल्या, “आता माझे गाऱ्हाणे दिसू दे, मी नाही.”

कोणी म्हणेल, आपल्या पाड्याची बातमी विचारतो कोण? माझ्या माहेरच्या मुरबाड तालुक्यातले फांगणे गाव पाहा. ८ मार्च २०१६ रोजी तेथे आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर गुरुजींनी ती मोतीराम दलाल ट्रस्टच्या साहाय्याने काढली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आजीबाई गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. ती बातमी देशोदेशी गेली. गाव केवढे, हे कोणी पाहिले नाही. गोष्ट खरी होती आणि दोन ओळींत सांगता येण्यासारखी होती. कोण, कोठे, कधीपासून, कशासाठी, हे सारे तीत स्वच्छ होते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही आमची लिंक तीन पत्रकारांना पाठवली. दोघांचे उत्तर आले नाही. तिसऱ्यांनी फोन करून वहीतल्या तारखा विचारल्या, एक दिवस येऊन विहीर पाहिली आणि बातमी दिली. पाड्याचे नाव बरोबर, आकडे बरोबर, फोटो आजींच्या संमतीचा. या वेळी ‘खोटे’ म्हणायला कोणाला जागा उरली नाही. वही पाहायला माणूस आला आणि टँकर एक दिवसाआड येऊ लागला. नळ अजून आलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. बातमीने विहिरीला पाणी लागत नाही. पण आपले गाऱ्हाणे आपल्याच शब्दांत, खरेपणाने पुढे जाते, आणि खरे असले की ते टिकते.

तेव्हा माझी विनंती इतकीच. प्रत्येक पाड्यावर एक वही घालावी. सातवी शिकलेलीला तारीख आणि आकडा लिहिता येतो; मोबाईलचे काम आपल्या लेकी-सुना करतील. जुनी माहिती महिन्याच्या महिन्याला काढून नवी घालावी. आणि वार्ताहर दारात आला की सगळ्यांनी एकदम बोलू नये. हे सर्वांत अवघड आहे, मला ठाऊक आहे!