मनाचा तोल आणि पैशाचा हिशेब
(वर्षावासानिमित्त मंगरूळपीर येथे दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



धम्माच्या व्यासपीठावर पैशाची गोष्ट कशाला, असे काहींना वाटेल. परंतु तथागतांनी गृहस्थांना पैशाविषयी स्पष्ट उपदेश केला आहे. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी आणि चौथा अडचणीच्या काळासाठी. बाबासाहेब तर अर्थशास्त्राचेच पंडित होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. मग आपले चुकते कुठे? बेरीज-वजाबाकीत नाही. मन हळवे झालेले असताना आपण पैशाचे निर्णय घेतो, तिथे चुकते.

सेवानिवृत्तीचेच पाहा. आपल्यापैकी अनेकांच्या घरात नोकरी करणारी ही पहिली पिढी. लाखाची रक्कम एकदम हाती येते, तशी घरात पूर्वी कोणी पाहिलेली नसते. ज्या थोरल्या भावाने मजुरी करून आपल्याला शिकवले, त्याचा मुलगा दारात उभा राहिला तर नाही कसे म्हणावे? म्हणूही नये. मात्र किती द्यायचे ते पती-पत्नीने आधीच बसून ठरवावे. १ नोव्हेंबर २००५ नंतर शासकीय सेवेत आलेल्यांना जुनी पेन्शन लागू राहिली नाही, त्यांनी तर हा विचार नोकरी चालू असतानाच करावा.

दुसरा प्रसंग मृत्यूचा. माझे एक सहकारी अचानक गेले. त्यांच्या विमा पॉलिसीवर लग्नाआधी लावलेले आईचे नाव तसेच राहिले होते. पत्नीला पॉलिसी आहे हेही ठाऊक नव्हते. सासू-सून एकाच माणसासाठी रडत होत्या आणि पुण्यानुमोदनाच्या आतच एका कागदावरून त्यांचे बोलणे बंद झाले. दोष दोघींचाही नव्हता. अनित्यतेचा पाठ आपण रोज म्हणतो, कपाटातल्या कागदांना मात्र तो लावत नाही. "मी मेल्यावर" हे शब्द घरात उच्चारणे आपल्याला अशुभ वाटते. बुद्धाच्या अनुयायांना शुभ-अशुभाची भीती कशाला?

म्हणून माझी विनंती आहे. लग्न झाले, मूल झाले की वारसाचे नाव तपासा. खाती, पॉलिसी, कर्ज आणि कोणाला दिलेली उसनवारी एका वहीत लिहा व ती वही घरातल्या बाईला दाखवा. मोठी रक्कम हाती आली तर तीन महिने बँकेत मुदत ठेवीत राहू द्या. दुःखाच्या दिवसांत कोणत्याही कागदावर घाईने सही करू नका.

व्यग्घपज्ज सुत्तात तथागतांनी गृहस्थाच्या सुखासाठी उद्योग, मिळकतीचे रक्षण आणि बेताचा खर्च यांबरोबर कल्याणमित्राची संगत सांगितली आहे. दुःखी घरी आपण सांत्वनाला जातोच. यापुढे बँकेचे, पेन्शनचे कागद समजणारे दोघे जण पुन्हा एकदा जावेत, त्या माउलीजवळ बसून कागद वाचून दाखवावेत. ते काम आपल्या संस्थेने हाती घ्यावे.