अरुंद अंगणातला अशोक

आपल्या हैदराबादेत घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये पुष्कळदा चार-पाच हातांचीच पट्टी उरते. तेथे आंबा मावत नाही, निंब मावत नाही. मग सरळ उंच वाढणारा, फांद्या बुंध्यालगत खाली सोडणारा अशोक आठवतो.

हा अशोकवनातला अशोक नव्हे. तो सीता-अशोक; त्याला शेंदरी फुलांचे गुच्छ येतात. हा खोटा अशोक सीताफळाच्या कुळातला. याची हिरवट फुले पानांतच दडतात. फळे मात्र वटवाघळांना फार प्रिय. तेव्हा झोपण्याच्या खिडकीपाशी तो लावू नये!

या शहराखाली ग्रॅनाइटचा खडक आहे. मी पहिले झाड लावले तेव्हा हातभर खणताच पहार खणखणली. आळस केला, रोप तेथेच लावले. सातव्या वर्षी वैशाखातल्या वळवाने ते शेजाऱ्यांच्या भिंतीवर आडवे झाले. भिंत मी बांधून दिली. शेजारी एक शब्द बोलले नाहीत, हेच अधिक लागले.

खड्डा निदान अडीच फूट खोल व तेवढाच रुंद हवा. मुरूम फोडून काढावा, चांगली माती व कुजलेले शेणखत भरावे, मृगाचा पाऊस पडला की रोप लावावे. पहिले दोन उन्हाळे रोज तांब्याभर पाणी घालण्यापेक्षा काही दिवसांआड भरपूर घालावे. मुळे खोल उतरतात. शेंडा छाटू नये, बांधा बिघडतो. खडक फुटेना, तर जागा बदलावी.

माझे दुसरे झाड कोपऱ्यात आहे. यंदा ते भिंतीच्या वर आले.