राज्यशास्त्र शिकून काय मिळणार?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका करून दिला आहे.)



 समितीने मला ‘शिक्षणाचे महत्त्व’ हा विषय दिला. पण त्यावर गेल्या वर्षी दोन प्राध्यापक उत्तम बोलून गेले. मी सूतगिरणीतला माणूस. दहावी झालो ती रात्रशाळेतून, तीसुद्धा दुसऱ्या खेपेला. पुढचं जे काही शिकलो ते वाचनालयात आणि मोर्चात. म्हणून मी शिक्षणाच्या एका कोपऱ्याबद्दलच बोलणार आहे. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा तो कोपरा. तो आपल्या घरातून सगळ्यात जास्त हिणवला जातो.

हा विषय का निवडला ते सांगतो. आपल्याच वस्तीतली एक मुलगी आहे. नाव घेत नाही, ती इथंच बसली आहे. तिचे वडील रंगकाम करतात. निकाल लागल्यावर ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “दादा, पोरीला चार शब्द सांगा. बारावीला मार्क चांगले पडलेत. म्हणते राज्यशास्त्र घेते, पुढं आंतरराष्ट्रीय संबंधात एम. ए. करते. त्यापेक्षा नर्सिंगला गेली तर हाताला काम लागेल. राजकारण शिकून काय बॅनरवर फोटो लावणार हाय का?”

मी लगेच काही बोललो नाही. कारण हेच वाक्य, अगदी याच शब्दांत, बारा वर्षांपूर्वी मी माझ्या मुलाला ऐकवलं होतं. तो पेपरातलं परदेशाचं पान आधी वाचायचा. त्यालाही राज्यशास्त्र घ्यायचं होतं. मी म्हटलं, “आपल्या घरात हे चोचले नकोत. आयटीआय कर, फिटर हो.” तो झाला. आज एका कारखान्यात कंत्राटावर आहे. त्यानं मला कधी बोल लावला नाही.

पण एक प्रसंग झाला. आमच्या गिरणीत पगाराचा करार झाला. चाळीसेक पानं, सगळी इंग्रजीत. पुढाऱ्यांनी गेटवर सभा घेऊन सांगितलं, पगारवाढ मिळाली, सह्या करा. टाळ्या वाजवून आम्ही सह्या केल्या. मीसुद्धा केली, आणि मी तर कार्यकर्ता म्हणवून घेणारा! कराराची प्रत घरी आणली. मुलगा रात्री शब्दकोश घेऊन बसला आणि मला उठवून म्हणाला, “बाबा, हे कलम तुम्ही वाचलं होतं का?” कलम असं होतं की यापुढं नवीन माणूस घ्यायचा तो कंत्राटावरच, आणि एका कामगारानं सांभाळायच्या बाजू वाढवायच्या. म्हणजे आमच्या पगारवाढीची किंमत आमच्याच पोरांनी भरायची, असं त्यात लिहिलं होतं. आणि खाली माझी सही होती.

त्या रात्री मला कळलं की राज्यशास्त्र म्हणजे काय. नियम कोण लिहितो, कुणासाठी लिहितो, सही कोण करतो आणि भोगतो कोण, याचा अभ्यास म्हणजे राज्यशास्त्र. बॅनरवर फोटो लावणं हे राजकारणसुद्धा नव्हे, ती नुसती हौस आहे.

मित्रहो, बाबासाहेब काय शिकले हे आपण भिंतीवर पदव्यांच्या यादीत वाचतो. ते कसे शिकले तेही बघितलं पाहिजे. १९१३ साली, वयाच्या बावीसाव्या वर्षी, बडोद्याच्या महाराजांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ज्या विद्याशाखेला त्यांनी पुढं डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला, तिचं नावच राज्यशास्त्र विद्याशाखा होतं. मुख्य विषय अर्थशास्त्र, त्याचे २९ अभ्यासक्रम त्यांनी घेतले. शिवाय इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, वर फ्रेंच आणि जर्मन. पुढं लंडनला गेले त्या संस्थेचं नावही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पॉलिटिकल सायन्स असंच आहे. पैसा कुठून येतो, सत्ता कुठून येते आणि जात कुठून येते, हे तिन्ही प्रश्न त्यांनी एकाच वेळी हातात घेतले. ताणा एकीकडं आणि बाणा दुसरीकडं ठेवून कापड होत नाही, हे गिरणीवाल्यांना सांगायला नको.

आणि त्या शिक्षणाचा उपयोग कुठं झाला? लांब जाऊ नका. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथं धागा तोंडानं ओढावा लागे आणि दुसऱ्यांना त्याचा विटाळ होई. जास्त पगाराचं काम तेच. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. कामगार एक आहेत म्हणता, तर विणकाम खात्याचं दार आम्हाला बंद का? इतरांना तो विटाळाचा प्रश्न वाटत होता. बाबासाहेबांनी तो हक्काचा प्रश्न आहे हे ओळखलं.

आता कुणी म्हणेल, देशाचं राजकारण ठीक आहे, पण आंतरराष्ट्रीय संबंध आपल्याला कशाला? आपला संबंध फार तर तालुक्याशी!

आपण आठ तासांची पाळी करतो. ही आठ तासांची गोष्ट कुठून आली? पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटना स्थापन झाली. तिची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली आणि पहिलाच ठराव दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास असा झाला. भारताच्या कामगारांतर्फे तिथं ना. म. जोशी गेले होते. पण हिंदुस्थानापुरती मेख मारून ठेवली, आठवड्याचे ६० तास. आपल्या कायद्यात ४८ तास यायला १९४६ साल उजाडावं लागलं, आणि १९४२ पासून सरकारात मजूरमंत्री होते ते बाबासाहेब. तेव्हा आपल्या गिरणीच्या भोंग्याचा संबंध वॉशिंग्टनशी होता की नव्हता?

ताजं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालावर ५० टक्के आयातशुल्क बसवलं. त्यातलं निम्मं कशासाठी? तर भारत रशियाकडून तेल घेतो म्हणून. तेल रशियाचं, भांडण युक्रेनच्या युद्धाचं, आणि ऑर्डरी थांबल्या तिरुपूरच्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांच्या. मशीनवर बसणाऱ्या बाईला कुणी विचारलं नव्हतं. हे समजून घ्यायला जे शास्त्र लागतं त्याला आंतरराष्ट्रीय संबंध म्हणतात.

हा विषय विद्यापीठात कसा आला तेही ऐकण्यासारखं आहे. वेल्समध्ये अॅबरिस्टविथ नावाचं गाव आहे. तिथलं कॉलेज १८७२ साली निघालं तेव्हा गोरगरिबांनी, खाणकामगारांनी पैसा-पैसा वर्गणी दिली होती. महायुद्धात तिथले विद्यार्थी मारले गेले. त्यांच्या स्मरणार्थ १९१९ साली डेव्हिस कुटुंबातल्या भाऊ-बहिणींनी २० हजार पौंड दिले आणि आंतरराष्ट्रीय राजकारणाचं जगातलं पहिलं अध्यासन सुरू झालं. मेलेल्या पोरांसाठी दगडी स्मारक न बांधता त्यांनी युद्ध का होतं हे शिकवणारा प्राध्यापक नेमला. मला हे फार मोठं वाटतं.

आपल्या माणसांनाही हा रस्ता नवा नाही. १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडं अर्ज केला, हे कळताच बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस या त्यांच्या विद्वान नेत्याला पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. आपणही तसा अर्ज करण्याचा विचार चालू होता. पुढं २००१ साली डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. दलित कार्यकर्ते तिथं गेले आणि जातीचा प्रश्न जगापुढं मांडला. सरकारची भूमिका अशी की जात म्हणजे वंश नव्हे, हा आमचा घरातला प्रश्न. शेवटच्या जाहीरनाम्यात जात आली नाही. घोषणा देणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत. पण मसुद्यातला एक शब्द वगळला तर काय होतं आणि एक शब्द घातला तर काय होतं, हे जाणणारे किती आहेत? मला परत माझा तो करारच आठवतो.

आणि पंचशील! आपण रोज विहारात म्हणतो. १९५४ साली भारत आणि चीन यांच्यात तिबेटच्या व्यापाराबाबत करार झाला, त्यातल्या पाच तत्त्वांनाही पंचशील नाव दिलं गेलं. देशभर कौतुक चाललं होतं. आपल्या धम्मातला शब्द म्हणून बाबासाहेब खूश झाले असते असं आपल्याला वाटेल. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यसभेत ते उभे राहिले आणि त्यांनी बजावलं की पंचशील हा बौद्ध धम्माचा भाग आहे, माओंचा त्यावर खरोखर विश्वास असता तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळं वागवलं असतं, राजकारणात अशा शब्दावर विसंबू नका. १९६२ साली काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. १९५१ साली मंत्रिपद सोडतानाही हिंदू कोड बिलाबरोबर परराष्ट्र धोरण हे एक कारण त्यांनी दिलं होतं, हे आपल्या जयंतीच्या भाषणात फारसं कुणी सांगत नाही. शब्द आपला असला तरी तो कोण वापरतो हे तपासायचं, ही त्यांची शिकवण.

आता पोटाचा प्रश्न. तिच्या वडिलांचा प्रश्न खरा आहे, तो मी टाळणार नाही. बी. ए. झाली की लगेच नोकरी, असं मी खोटं सांगणार नाही. नर्सिंगपेक्षा हा रस्ता लांबचा आहे. पण बंद नाही. केंद्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत ‘राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध’ हा ऐच्छिक विषय आहे, त्याच्या २५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका. प्राध्यापकी आहे, पत्रकारिता आहे, परराष्ट्र सेवा आहे. मुंबई विद्यापीठात या विषयाचा विभाग १९४८ पासून आहे. दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात आंतरराष्ट्रीय अभ्यासाची स्वतंत्र शाळा आहे. परदेशी जायला राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. मात्र डोळे उघडे ठेवा. केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमांत भारताची संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे संशोधन विषय वगळले गेले. असा नियम १९१६ साली असता तर कोलंबियात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर जो निबंध वाचला, त्याचं काय झालं असतं?

के. आर. नारायणन यांचं नाव सर्वांना माहीत आहे. केरळच्या खेड्यातला अस्पृश्य समाजातला गरीब मुलगा. लंडनला त्याच संस्थेत प्रा. लास्कींच्या हाताखाली राज्यशास्त्र शिकला, १९४९ साली परराष्ट्र सेवेत गेला, १९७६ साली चीनमध्ये राजदूत झाला आणि १९९७ साली राष्ट्रपती. त्यांच्याही घरी कुणीतरी विचारलं असेलच, हे शिकून काय मिळणार?

शेवटचं सांगतो. १९५६ च्या जुलैमध्ये, प्रकृती ढासळलेली असताना, बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण शाळा काढली. पंधरा विद्यार्थी होते. डिसेंबरात बाबासाहेब गेले आणि पुढं ती शाळा चालली नाही. धम्मदीक्षेच्या तयारीच्या त्या धावपळीतही त्या माणसाला वाटलं की राजकारण शिकून यावं लागतं. आपण त्यांचे पुतळे उभारले, ही शाळा मात्र विसरलो.

समितीला माझी विनंती आहे. विहाराच्या वरच्या खोलीत मंडपाचं सामान ठेवलं आहे. ते हलवून तिथं एक टेबल, चार खुर्च्या आणि एक कपाट ठेवा. संविधानाची प्रत ठेवा, त्यातलं कलम ५१ मुलांना वाचायला लावा. राष्ट्राराष्ट्रांत शांतता आणि न्याय्य, सन्मानाचे संबंध असावेत असं त्यात लिहिलं आहे. पुस्तकांसाठी माझ्या एका महिन्याच्या पगारातले दोन हजार रुपये मी आजच खजिनदारांकडं देतो.

आणि रंगारी भाऊ, तुम्ही समोर बसला आहात. तुम्ही मला पोरीला चार शब्द सांगायला सांगितलं होतं. तिला सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही. तुम्हालाच सांगतो. माझ्या हातून एकदा चूक झाली. ती तुमच्या हातून होऊ देऊ नका. फॉर्म भरायची मुदत अजून गेलेली नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!