कंदील विझायचा, मोबाईल विझत नाही
(जळोची येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काही जण हसले. कापसाला भाव नाही, ज्वारीला उठाव नाही, आणि हे मोबाईल कसा वापरायचा ते सांगायला आले! हसा, पण आधी खांडज आठवा. याच बारामती तालुक्यातले गाव. मार्च २०२३ मध्ये तिथे शेणामुताच्या टाकीतल्या विषारी वायूने चार जणांचा बळी घेतला. आत अडकलेल्याला काढायला गेलेलेही परत आले नाहीत. माणसे भेकड असती तर वाचली असती. आपली माणसे भेकड नाहीत, म्हणूनच हे बोलावे लागते.

आपले वाडवडील जुन्या विहिरीत उतरण्याआधी दोराला कंदील बांधून खाली सोडत. कंदील विझला की समजायचे, खाली प्राणवायू नाही. कोणी उतरायचे नाही. आता कंदील गेला आणि मोबाईल आला. त्याच्या उजेडात तळ स्वच्छ दिसतो आणि आपण बिनघोर उतरतो. पण मोबाईलला श्वास लागत नाही. माणूस जिथे घटकाभरात कोसळतो, तिथे मोबाईलचा दिवा जळतच राहतो.

मग शेणाच्या टाकीतही कंदील सोडायचा का? मुळीच नाही. तिथे मिथेन असतो. हवेत तो ५ ते १५ टक्के मिसळला की एका ठिणगीने भडका उडतो. कंदील म्हणजे तर उघडी ज्योत, आणि आपला साधा मोबाईलही अशा जागेसाठी बनवलेला नाही. कारखान्यात अशा ठिकाणी ठिणगी न पडणारी खास उपकरणे वापरतात, कामगाराचा फोन बाहेर ठेवून घेतात. आपल्या गोठ्यामागच्या टाकीवर साधी पाटीसुद्धा नसते.

त्याच टाकीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे समजणारा फसतो. तेव्हा नियम एकच: टाकीत उतरायचे नाही. गाळ बाहेरून, पंपाने काढायचा. कोणी आत पडलाच तर मागोमाग उडी घ्यायची नाही. टाकीपासून लांब, मोकळ्या हवेत जाऊन ११२ किंवा १०८ ला फोन लावायचा. मोबाईलचा खरा उपयोग तिथे आहे.

दुसरी जागा विहिरीच्या सुरुंगाची. विजेवर उडणाऱ्या डिटोनेटरच्या तारा अँटेनासारख्या लहरी ओढून घेऊ शकतात. जवळ फोन असला तर वेळेआधी बार उडण्याचा धोका असतो. म्हणून सुरुंग भरताना फोन बंद करून लांब ठेवायचा. खिशात ठेवून नुसता आवाज बंद केला तर उपयोग नाही. आणि हे काम परवानाधारकाचेच. कोणाकडून तरी आणलेला जुना माल वापरायचा नाही.

तिसरी जागा आपले घर. भाव येईल म्हणून कापूस खोलीत भरून ठेवतो आणि त्याच ढिगावर फोन चार्जिंगला लावून झोपतो. बॅटरी तापते, आणि कापसात दबलेल्या फोनची उष्णता बाहेर जात नाही. बॅटरी फुगली असेल तर धोका आणखी वाढतो. चार्जर कापसापासून लांब, फरशीवर ठेवा.

पेट्रोल पंपाचेही सांगतो. परदेशात पंपावरच्या आगींचा तपास झाला, तेव्हा दोष मोबाईलवर नव्हे, बहुतेक वेळा अंगावर साठलेल्या स्थिर विजेवर आला. तरी पंपावरचा नियम पाळाच. पण त्याहून मोठा धोका दुचाकीवर पायात धरून आणलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनचा आहे, तो विसरू नका.

शेवटी ट्रॅक्टर. ताशी २० किलोमीटर वेगाने चाललेला ट्रॅक्टर एका सेकंदात साडेपाच मीटर जातो. फोनकडे चार सेकंद पाहिले की २२ मीटर आपण आंधळे असतो, आणि मागे भरलेली ट्रॉली असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने हातात फोन धरून वाहन चालवणे धोकादायक ठरवले. पहिल्याच गुन्ह्याला दंड १,००० ते ५,००० रुपये. दंडाचे सोडा. बांधावर वाट पाहणारी लेकरे आठवा. फोन आला तर ट्रॅक्टर कडेला घ्या, मग बोला.

शेतकरी अपघातात मेला की सरकार घरच्यांना २ लाख रुपये देते. ते मिळालेच पाहिजेत. पण आमची मागणी त्याआधीची आहे: प्राणवायू आणि विषारी वायू मोजणारे यंत्र ग्रामपंचायतीत असावे, म्हणजे मेल्यावर मदत मागायची वेळ येणार नाही. ते मिळेपर्यंत आजच ठरवू या, की गावातल्या प्रत्येक शेणटाकीवर आपल्या हाताने पाटी लावायची: ‘आत उतरू नका. फोन आत नेऊ नका. बाहेरून मदत बोलवा.’

पाटीला चुना आणि रंग लागेल. त्याला सरकारची मंजुरी लागत नाही.