मूर्तिकाराचा हात आणि रबरी साचा

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



पत्रकाराला कलेवर बोलायला बोलावले की तो हटकून बाजारावर बोलू लागतो. मीही तेच करणार आहे; कारण पेणच्या मूर्तिकाराचा प्रश्न बाजार वगळून समजतच नाही.

रायगड जिल्ह्यातील पेण आणि भोवतालची हमरापूर, जोहे, कळवे ही गावे गणेशमूर्तींसाठी सर्वत्र ख्यातनाम आहेत. तेथील एका कारखान्यात मी गेलो होतो. (‘कारखाना’ हा शब्द मूर्तिकारांचाच, त्यात त्यांना काही वावगे वाटत नाही.) पुढच्या शेडमध्ये प्लास्टरच्या एकसारख्या मूर्तींच्या रांगा, मागच्या पडवीत शाडूच्या मोजक्या मूर्ती. मालक म्हणाले, “साहेब, पुढच्या शेडवर कामगारांचे पगार निघतात. मागचं मी स्वतः करतो.”

शाडूची माती मळावी लागते, जोड लिंपावे लागतात, मूर्ती सावलीत सावकाश वाळवावी लागते. कोकणच्या दमट हवेत दिवसामागून दिवस जातात. घाईने उन्हात ठेवली तर तडा जातो. शिवाय ती जड, प्रवासात सोंड किंवा हात दुखावण्याची धास्ती निराळीच. प्लास्टरची भुकटी पाण्यात कालवली की अर्ध्या तासाच्या आत घट्ट होते. काथ्याचा आधार दिला की पोकळ, हलकी मूर्ती तयार. साचा रिकामा, पुढची मूर्ती सुरू.

साच्यालाच दोष देणे मात्र अन्यायाचे होईल. शाडूच्या मूर्तीलाही साचा वापरतात. त्या गृहस्थांची खंत वेगळी होती. मूळ नमुना घडविण्यात त्यांचे महिने जातात. तो बाजारात आला, की कुणीही एक मूर्ती विकत घेऊन तिच्यावरून रबरी साचा काढतो. कलावंताच्या पदरी एका मूर्तीची किंमत पडते! त्यांच्या हातचे म्हणून उरते ते डोळ्यांच्या आखणीचे काम. ते आजही कुणावर सोपवत नाहीत.

त्यात नियमांची अनिश्चितता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडविण्यास मुभा दिली, परंतु नैसर्गिक जलस्रोतांतील विसर्जनावर बंधन ठेवले. जुलैमध्ये सहा फुटांहून उंच मूर्तींना मुदतीची सवलत मिळाली. नदीनाल्यांची काळजी योग्यच आहे. पण एक गणेशोत्सव संपला की पुढच्याचे काम सुरू होते. कर्ज काढून माल भरायचा तो तेव्हा, आणि निर्णय येतो तो पावसाळ्याच्या तोंडावर.

आपण ज्या पूजेला पार्थिव गणेशपूजन म्हणतो, तिच्या नावातच पृथ्वी आहे, माती आहे. तरीही आपल्याला मूर्ती हवी असते हलकी, चकचकीत आणि स्वस्त. तीही चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात.

निघताना त्यांनी सहज विचारले, “तुमच्या घरचा गणपती कशाचा?” मी सांगून टाकले, प्लास्टरचा, कोपऱ्यावरच्या मांडवातून आणलेला. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मी पुढल्या वर्षाची मूर्ती त्यांच्याकडेच सांगितली, दीड फुटांची.

“शाडूत फूटभरच ठेवा,” ते म्हणाले, “वाळायला वेळ लागतो.” आणि वहीत नाव लिहून घेतले.