मोटारीतील विजेची दुखणी



या व्याख्यानांच्या पंगतीत वेदान्त, इतिहास आणि नाट्य यांना मानाचे पान असते. त्यांच्या शेजारी आज आम्ही मोटारीची बॅटरी आणि फ्यूज घेऊन बसलो आहोत, याबद्दल विद्वानांनी क्षमा करावी. परंतु आपल्यापैकी पुष्कळांच्या दारी मोटार उभी असते, आणि सकाळी ती अबोला धरून बसली की वेदान्त आठवत नाही, बॅटरीवालाच आठवतो. तो येतो, ‘बॅटरी गेली’ म्हणतो, आपण पैसे मोजतो. आणि पंधरवड्याने गाडी पुन्हा मौन धरते. आमचे म्हणणे असे की, बॅटरी आणि फ्यूज ही पुष्कळदा फिर्यादी असतात. आपण त्यांनाच आरोपी ठरवतो.

शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केली. तत्त्व आजही तेच आहे. आत सहा कप्पे. प्रत्येकाचा दाब सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे एकूण १२.६. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत मीटरने हा आकडा दाखवला तर बॅटरी भरलेली समजावी. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असता मात्र आकडा १४ च्या आसपास चढायला हवा. तो १२ वरच रेंगाळला तर दोष बॅटरीला जेवू घालणाऱ्या आल्टरनेटरचा, त्याच्या पट्ट्याचा किंवा मधल्या तारेचा. अशा घरात नवी बॅटरी आणली तरी तीही उपाशीच मरणार!

मीटर नसेल तर हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे एकदम मंदावले आणि नुसतीच टकटक ऐकू आली, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टर्मिनलांची जोडणी बिघडली आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि सेल्फ हलला नाही, तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या वाटेवर शोधावा.

टर्मिनलावर साचणारी पांढरट-हिरवट भुकटी क्षुल्लक दिसते. पण हिशेब करून पाहा. सेल्फ फिरताना सुमारे १५० अँपिअर प्रवाह ओढतो. त्या भुकटीने अवघ्या ०.०२ ओहमचा अडथळा केला, तरी ३ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. बारातले तीन गेले, मग सेल्फने फिरावे कशाने? खाण्याचा सोडा घातलेले कोमट पाणी आणि जुना ब्रश एवढ्याने हे दुखणे जाते. टर्मिनल सोडवताना ऋण बाजूचे आधी काढावे आणि जोडताना शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून गाडीच्या पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. इंजिन चालू ठेवून टर्मिनल उपसण्याची जुनी परीक्षा मात्र आजच्या गाड्यांवर करू नये. त्यांच्या नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांना ती सोसत नाही.

आता फ्यूज. फ्यूज हा पहारेकरी आहे. आपल्याकडे घरचा फ्यूज उडाला की तारेचे दोन पदर अधिक पिळून घालण्याची जुनी खोड आहे. तीच मोटारीत शिरली आहे. समजा, ५५ वॅटचे दोन दिवे आहेत. ते मिळून साधारण ९ अँपिअर घेतात. हौसेने त्यांच्या जागी १०० वॅटचे बसवले की प्रवाह १७ वर जातो आणि १५ चा निळा फ्यूज उडतो. मग कोणी तरी ३० चा हिरवा खोचतो, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळतो. दिवे लागतात, गृहस्थ खूश होतात! पण तार तेवढीच बारीक आहे. आता फ्यूजऐवजी ती तापणार, तिचे वेष्टन वितळणार, आणि आग लागेल ती डॅशबोर्डाच्या मागे, जिथे हात पोचत नाही. पहारेकऱ्याला झोपवून चोरी थांबत नसते.

म्हणून त्याच आकड्याचा नवा फ्यूज घालावा आणि तो केव्हा उडतो ते पाहावे. सर्व बटणे बंद असताही उडाला, तर कुठे तरी उघडी तार पत्र्याला टेकली आहे. विशिष्ट बटण दाबताच उडाला, तर ते उपकरण किंवा त्याची तार तपासावी. खड्ड्यात गाडी आदळल्यावरच उडत असेल, तर डिकीच्या आणि दारांच्या बिजागरीजवळ घासलेली तार शोधावी. उघडझाप करून ती तिथेच झिजते. पावसाळ्यातच उडत असेल, तर मागच्या दिव्यांच्या घरात पाणी शिरले आहे का ते पाहावे.

याच्या उलट, फ्यूज शाबूत असून बॅटरी रोज उतरते, असाही प्रकार असतो. डिकीतला ५ वॅटचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहिला, तर ४५ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी चार-साडेचार दिवसांत रिकामी होते. आणि सेल्फ तर त्याच्या आधीच हात टेकतो.

शेवटी, शेजाऱ्याच्या गाडीवरून वीज घेण्याविषयी. दोन्ही धन टोके तांबड्या तारेने आधी जोडावीत. मग काळ्या तारेचे एक टोक शेजाऱ्याच्या बॅटरीच्या ऋण बाजूला लावावे. दुसरे मात्र आपल्या बॅटरीला न लावता, तिच्यापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला लावावे. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडतेच. गाडी सुरू झाल्यावर तारा उलट क्रमाने काढाव्यात.