एक स्टूल ओढा

डीन साहेब, माझे गुरुजन आणि नाटकाच्या मेकअपमध्येच येऊन बसलेल्या मित्रमैत्रिणींनो,

'भावी डॉक्टरांमध्ये व्यावसायिक नीतिमत्ता कशी रुजवावी' यावर बोला, असं तुमच्या पत्रात होतं. पण सेवाग्रामला आलं की मला आधी आठवतो तो इथे शिकायला आल्यावर गांधीजींच्या आश्रमात काढलेला पहिला पंधरवडा. प्रार्थना, श्रमदान, सूतकताई आणि अंगाला टोचणारी नवी खादी. माझा धागा सारखा तुटायचा. तो जोडून देणारी मैत्रीण समोर पहिल्या रांगेत बसली आहे. ती पुढे सर्जन झाली, यात नवल नाही.

१९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नायर, म्हणजे आमच्या बडी बहनजी, यांनी हे मेडिकल कॉलेज काढलं. बडी बहनजींचा हिशेब सरळ होता: खेड्यासाठी डॉक्टर हवा, तर त्यानं खेड्यात राहूनच शिकावं. म्हणून प्रत्येक बॅचला एक गाव आणि प्रत्येकाला काही घरं दत्तक. शहरातल्या कॉलेजांतले मित्र आम्हाला हसायचे. आता कुटुंब दत्तक घेणं देशभर आलंय. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे तासही आहेत. चांगलंच झालं. त्याबद्दल माझे गुरुजन माझ्यापेक्षा बरं सांगतील. तो भाग त्यांच्यासाठी सोडला.

भावी डॉक्टरांना मला एकच सांगायचंय. बसा. पेशंटशी बोलताना बसा.

आमच्या दत्तक गावातली एक आजी म्हणाली होती, "उभ्या उभ्या का इचारतं बापू, बस न." बसलो, तेव्हा कळलं की बीपीची गोळी ती एक दिवसाआड घेते. गोळ्या आणायची लेकाची वर्ध्याची खेप वाचावी म्हणून. उभ्यानं विचारलं असतं तर "घेतो न" म्हणाली असती आणि पुढच्या ओपीडीत कुणीतरी डोस वाढवला असता.

राउंडला वेळ नसतो, ठाऊक आहे. दोन मिनिटं असतील तर दोन मिनिटं बसा, पण बसा. खाटेवर नको, सिस्टर रागावतात. त्या मागे उभ्या आहेत आणि अजून तशाच बघताहेत. स्टूल ओढा. मोबाइल खिशात ठेवा. मग नाव विचारा, खाटेचा नंबर नव्हे.

डीन साहेब, वॉर्डात स्टुलं कमी आहेत, सकाळीच बघून आलो. ती आमची बॅच देईल. बॅचचे खजिनदार तिसऱ्या रांगेत मान हलवताहेत. आडवी की उभी, ते माझ्या चष्म्यातून नीट दिसत नाही. मी होकार धरतो. आता नाटक सुरू करा, पोरं घामानं भिजली आहेत.